घंटा घरमालकाची, तार चोराची

गेल्या अंकात या सदरात एचआयव्ही आणि प्रतिकारशक्ती यांविषयी थोडक्यात लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांचा रोख साधारण एकाच गोष्टीकडे आहे. शरीराच्या संरक्षक पेशी एकमेकींना जे रासायनिक निरोप पाठवतात, त्यांमुळे हा विषाणू दबतो की वाढतो, हा तो प्रश्न. म्हणून या वेळची सगळी जागा त्या पाच पत्रांना दिली आहे. पत्रलेखकांच्या इच्छेप्रमाणे कोणाचेही नाव छापलेले नाही.

प्रश्न : सर, सायटोकाइन म्हणजे संसर्गाशी लढण्यासाठी पेशींनी सोडलेली प्रथिने, असे आमच्या पाठ्यपुस्तकात दिले आहे. पुढच्याच प्रकरणात मात्र टीएनएफ-अल्फा या सायटोकाइनमुळे एचआयव्हीची वाढ होते, असे वाक्य येते. संरक्षणासाठी असलेला रेणू शत्रूला मदत कशी करतो? आणि इंटरफेरॉन हे दुसरे सायटोकाइन मात्र त्याला रोखते, असे का? (जैवतंत्रज्ञानाची विद्यार्थिनी, शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर)

उत्तर : दोन्ही वाक्ये खरी आहेत. त्यांच्यात विरोध दिसतो, कारण एचआयव्ही पेशीत नेमका कुठे जाऊन बसतो हे मध्ये सांगायचे राहून गेले आहे.

हा विषाणू सीडी-४ पेशीत, म्हणजे संरक्षक टी पेशींच्या एका प्रकारात, शिरला की आपल्या आरएनएची डीएनए प्रत तयार करतो आणि ती पेशीच्या गुणसूत्रात घुसवतो. त्यानंतर तो वेगळा असा उरतच नाही. सुमारे ९,७०० अक्षरांची एक पट्टी होऊन तो पेशीच्या स्वतःच्या जनुकांच्या रांगेत बसतो. ही पट्टी वाचून तिच्या प्रती काढण्याची यंत्रणा त्याच्याजवळ नसते, ती पेशीची असते. आणि कोणते जनुक कधी वाचायचे हे पेशी बाहेरून आलेल्या निरोपांवर ठरवते. संरक्षणाच्या कामी येणारी जनुके सुरू करणारे एनएफ-कप्पा-बी नावाचे एक प्रथिन आहे. एरवी ते केंद्रकाबाहेर दुसऱ्या एका प्रथिनाने जखडून ठेवलेले असते. टीएनएफ-अल्फासारखा धोक्याचा निरोप पेशीच्या पृष्ठभागावर पोचला की ते बंधन तुटते, एनएफ-कप्पा-बी केंद्रकात जाते आणि ज्या जनुकांच्या तोंडाशी त्याला बसायला जागा आहे ती जनुके जागी होतात. एचआयव्हीच्या पट्टीच्या तोंडाशीही नेमक्या याच जागा आहेत, हे गॅरी नेबल आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले. म्हणजे घरात कोणी शिरले की वाजावी म्हणून घरमालकाने घंटा बसवली, आणि आधीच आत येऊन बसलेल्या चोराने त्याच घंटेच्या तारेला आपली तार जोडून ठेवली. घंटा जितकी जोरात वाजेल तितके त्याचे काम सोपे. त्यातून पहिल्या काही प्रती निघाल्या की विषाणूचे टॅट नावाचे प्रथिन तयार होते आणि ते पुढचे वाचन अनेक पटींनी वाढवते. मग बाहेरच्या निरोपाची त्याला तितकीशी गरज उरत नाही.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी पाहता येते. यू-१ नावाच्या पेशींच्या गुणसूत्रांत विषाणूच्या दोन प्रती असतात, पण या पेशी नुसत्या वाढवल्या तर भोवतालच्या द्रवात विषाणू जेमतेमच सापडतो. त्यांत टीएनएफ घालावे, एक-दोन दिवस थांबावे, वरचा द्रव काढून पी-२४ या विषाणूच्या प्रथिनाची एलायझा ही रंगावरून प्रमाण दाखवणारी चाचणी लावावी. ९६ खळग्यांच्या त्या प्लेटमध्ये टीएनएफ न घातलेली रांग जवळपास पाण्यासारखी राहते. शेजारची रांग आधी निळी होते आणि शेवटी आम्लाचा थेंब पडताच पिवळीधमक. पेशी त्याच, विषाणू तोच. फरक फक्त एका निरोपाचा.

यात आपल्याकडची एक खास बाब आहे. युरोप-अमेरिकेत मुख्यतः आढळणाऱ्या एचआयव्हीच्या बी उपप्रकारात एनएफ-कप्पा-बी बसण्याच्या जागा साधारणतः दोन असतात, तर भारतात बहुतांशी आढळणाऱ्या सी उपप्रकारात सहसा तीन असतात. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील संशोधकांनी तर चार जागा असलेले विषाणूही भारतीय रुग्णांमध्ये आढळल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणून परदेशी पुस्तकातले आकडे जसेच्या तसे आपल्या रुग्णांना लावताना मी दोनदा विचार करतो. तुम्ही या विषयात प्रकल्प करणार असाल, तर कोणत्या उपप्रकाराचा विषाणू वापरला आहे हे पहिल्या पानावर लिहा.

इंटरल्यूकिन-१ आणि इंटरल्यूकिन-६ या सायटोकाइनांचाही कल वाढीकडेच असतो. इंटरल्यूकिन-२ टी पेशींना विभाजनासाठी उठवते, आणि उठलेली पेशी विषाणूला हवीच असते, कारण पूर्ण विश्रांतीत असलेल्या पेशीत त्याची डीएनए प्रत धड पुरी होत नाही. इंटरल्यूकिन-१० मात्र मात्रेवर अवलंबून आहे. भक्षक पेशींमध्ये ते भरपूर असेल तर टीएनएफच बनू देत नाही, म्हणून विषाणू दबतो. थोडेच असेल तर इतर सायटोकाइनांच्या जोडीने वाढीला हातभारही लावते. टीजीएफ-बीटा या आणखी एका सायटोकाइनाचा परिणाम तर संसर्गाच्या आधी दिले की नंतर, यावरही बदलतो. या दोघांना ‘चांगले’ किंवा ‘वाईट’ अशा रकान्यात टाकण्याचा मोह तेवढा टाळावा.

विषाणूला दारातच अडवणारे निरोप वेगळे आहेत. सीडी-८ पेशी (टी पेशींचा दुसरा प्रकार) संसर्गित पेशींना न मारताही विषाणूची वाढ थांबवतात, हे संशोधक जे लेव्ही यांच्या गटाने १९८६ मध्ये पाहिले होते. त्या पेशी असे काय सोडतात, याचा शोध पुढे बरीच वर्षे चालला. १९९५ च्या डिसेंबरात रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेने रँटेस, एमआयपी-१-अल्फा आणि एमआयपी-१-बीटा या तीन केमोकाइनांची (पेशींना बोलावून घेणाऱ्या सायटोकाइनांची) नावे पुढे केली. ही प्रथिने विषाणूला का अडवतात याचा उलगडा पुढच्याच वर्षी झाला. पेशीवरच्या ज्या सीसीआर-५ या ग्राहीवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनावर, ती बसतात, तीच विषाणूला आत शिरण्यासाठी सीडी-४ बरोबर लागणारी दुसरी कडी निघाली. कडीवर आधीच कोणी बसलेले असेल तर चोराचा हात तिथे पोचत नाही. याच धाग्याने पुढे २००७ मध्ये मॅराव्हिरॉक हे औषध आले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये टिमोथी रे ब्राऊन यांना रक्ताच्या कर्करोगासाठी अशा दात्याचा अस्थिमज्जा देण्यात आला, ज्याच्या पेशींवर सीसीआर-५ जन्मतःच नव्हती, आणि एचआयव्हीतून बरे झालेले पहिले रुग्ण म्हणून ते ओळखले गेले. इंटरल्यूकिन-४ इथेही गुंता वाढवते. ते टी पेशींवरची सीसीआर-५ कमी करते आणि सीएक्ससीआर-४ ही दुसरी कडी वाढवते, म्हणजे एका जातीच्या विषाणूला दार बंद आणि दुसऱ्या जातीच्या विषाणूला उघडे.

आता इंटरफेरॉन. ऐझॅक्स आणि लिंडनमन यांनी १९५७ मध्ये त्याचा शोध लावला. त्याचा निरोप मिळालेली पेशी शेकडो जनुके सुरू करते आणि त्यांतली काही थेट एचआयव्हीच्या वाटेत आडवी येतात. एपोबेक-३-जी विषाणूच्या नव्या डीएनएत चुका घालते, एसएएमएचडी-१ डीएनए बांधायचा कच्चा मालच संपवते, एमएक्स-२ केंद्रकाच्या वाटेवर अडवते आणि टेदरिन बाहेर पडणाऱ्या विषाणूकणाला पेशीच्या आवरणाशी बांधून ठेवते. ही चारही नावे २००२ ते २०१३ या काळात पुढे आली. विषाणूनेही उतारे शोधले आहेत: विफ हे त्याचे प्रथिन एपोबेकला नष्ट करते, व्हीपीयू टेदरिनला बाजूला सारते. एसएएमएचडी-१ विरुद्ध एचआयव्ही-२ जवळ व्हीपीएक्स आहे, एचआयव्ही-१ जवळ ते नाही.

मग रुग्णांना इंटरफेरॉनच का देत नाहीत, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांची गोष्ट कोल्हापूरकरांना नव्याने सांगायला नको. पाणी ठरावीक पातळीला गेले की ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की मिटतात. ते उघडल्याची बातमी आली की राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचे पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला कधी लागते इकडे सगळ्यांचे डोळे लागतात. इंटरफेरॉनचे दरवाजेही असेच वेळेत मिटावे लागतात. आफ्रिकेतल्या सूटी मँगाबी माकडांना एचआयव्हीचा भाऊबंद असलेला एसआयव्ही होतो, रक्तात विषाणूही भरपूर असतो, तरी ती सहसा आजारी पडत नाहीत. त्यांच्यात इंटरफेरॉनचे दरवाजे सुरुवातीला धाडकन उघडतात आणि काही आठवड्यांत मिटतात. माणसात आणि ऱ्हीसस माकडांत ते उघडेच राहतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ऱ्हीसस माकडांना संसर्गाच्या वेळी इंटरफेरॉन-अल्फा दिले, तेव्हा सुरुवातीला संसर्ग शरीरभर पसरणे टळले. पण तेच पुढे देत राहिल्यावर पेशी त्या निरोपाला दाद देईनाशा झाल्या आणि सीडी-४ पेशींची घट उलट वेगाने झाली. याच प्रयोगात सुरुवातीला इंटरफेरॉनची वाट अडवली, तेव्हाही आजार लवकर बळावला. रेणू एकच, पण पहिल्या आठवड्यातला त्याचा गुण आणि सहाव्या महिन्यातला गुण वेगळा.

प्रश्न : मी आठ वर्षे एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या घेतो. व्हायरल लोड (रक्तातले विषाणूचे प्रमाण) सापडत नाही, पण सीडी-४ ३८० च्या वर जात नाहीत. आमच्या मेहुण्यांनी प्रतिकारशक्ती वाढवणारी एक पावडर आणून दिली आहे. घेऊ का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी. व्हायरल लोड सापडत नाही, म्हणजे आपले औषध उत्तम चालले आहे. अशा स्थितीत लैंगिक संबंधातून विषाणू दुसऱ्याला जात नाही, हेही आता पक्के झालेले आहे.

सीडी-४ चा आकडा वाढवण्याचा उपाय याआधी मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेला आहे, आणि तो पावडरीपेक्षा कितीतरी बलवान होता. एस्प्रिट आणि सिलकॅट या दोन आंतरराष्ट्रीय चाचण्यांत मिळून साडेपाच हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यांतल्या निम्म्यांना एआरटीबरोबर इंटरल्यूकिन-२ ची इंजेक्शने दिली गेली. आकडा खरोखर वाढला. पण २००९ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा संधिसाधू आजार (प्रतिकारशक्ती खचल्यावर गाठणारे) आणि मृत्यू यांत काडीचाही फरक दिसला नाही. एस्प्रिटमध्ये तर गंभीर दुष्परिणाम इंजेक्शन घेणाऱ्यांत जास्त निघाले. कागदावरचा आकडा आणि पेशींची लढण्याची ताकद या दोन गोष्टी एकच नाहीत, हे आम्हा डॉक्टरांनाही तेव्हा नव्याने शिकावे लागले. तेव्हा ३८० वर थांबलेल्या आकड्याची चिंता करू नये. तपासण्या मात्र वेळच्या वेळी कराव्यात.

‘प्रतिकारशक्ती वाढवणे’ हा शब्दप्रयोगच मला खटकतो. एचआयव्हीत ती कमी पडते तशीच ती नको तिथे सतत पेटलेलीही असते. संसर्गाच्या सुरुवातीलाच आतड्याच्या अस्तरातल्या सीडी-४ पेशींचा मोठा नाश होतो, अस्तर गळके होते, आतड्यातल्या जिवाणूंचे अंश रक्तात झिरपत राहतात आणि धोक्याची घंटा वाजत राहते. २००६ पासून हे ठाऊक आहे. गोळ्यांनी विषाणू दबला तरी ही धग पूर्ण विझत नाही आणि हृदयविकाराची शक्यता त्यामुळे वाढते. २०२३ च्या रिप्रीव्ह चाचणीत पिटाव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळीने हृदयविकाराच्या व पक्षाघाताच्या घटना सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. पावडरीवर होणारा खर्च एकदा लिपिड आणि साखर तपासण्यावर केलात तर तो सत्कारणी लागेल. तंबाखू असेल तर ती सोडणे याहून मोलाचे.

आता त्या डब्याविषयी. गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ असाच डबा घेऊन माझ्याकडे आले होते. पुढच्या बाजूला व्यायाम करणाऱ्या पैलवानाचे चित्र आणि मागे, भिंग लावून वाचावे अशा अक्षरांत, लोह, जस्त, कॅल्शियम. आपल्या गोळीत डोल्यूटेग्रॅव्हिर हे एचआयव्हीचे औषध असणार, कारण सरकारी केंद्रांत आता बहुतेकांना तीच गोळी मिळते. हे धातू पोटात डोल्यूटेग्रॅव्हिरला धरून ठेवतात आणि ते रक्तात कमी उतरते. त्या गृहस्थांना कोणी हे सांगितलेच नव्हते आणि ते दोन्ही वस्तू सकाळी एकाच पेल्यातल्या पाण्याबरोबर घेत होते. ॲसिडिटीची पातळ औषधे, कॅल्शियमच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, काही भस्मे यांचेही तसेच. घ्यायचेच झाले तर एआरटीची गोळी आधी घेऊन दोन तास थांबावे, किंवा त्या औषधानंतर सहा तासांनी गोळी घ्यावी. पुढच्या भेटीला तो डबा पिशवीत घालून एआरटी केंद्रावर न्या आणि समुपदेशकांना दाखवा. मेहुण्यांचा हेतू चांगला आहे, त्यांना दुखवू नका.

प्रश्न : माझ्या भागात एचआयव्ही असलेल्या एका ताईंना क्षय झाला. एका आजाराने दुसरा वाढतो असे प्रशिक्षणात सांगितले होते. तो कसा? आणि टीएनएफमुळे विषाणू वाढत असेल, तर टीएनएफ बंद करणारे औषध का देत नाहीत? (आशा सेविका, गडहिंग्लज तालुका)

उत्तर : ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचे उत्तर दडलेले आहे. क्षयाचे जंतू फुप्फुसात शिरले की भक्षक पेशी त्यांच्याभोवती गाठ बांधतात, आणि ती गाठ घट्ट राखण्यासाठी टीएनएफ लागते. संधिवातासाठी टीएनएफ अडवणारी इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधे आली, तेव्हा वर्षानुवर्षे दबलेला क्षय काही रुग्णांत उसळला, हे २००१ मध्ये लक्षात आले. म्हणून टीएनएफ बंद करणे म्हणजे क्षयाला मोकळे रान देणे. आणि ते चालू राहिले की त्याच गाठीतल्या सीडी-४ आणि भक्षक पेशींमध्ये बसलेला एचआयव्ही जागा होतो. फुप्फुसाचा क्षय असलेला भाग आणि त्याच रुग्णाचा बाधा नसलेला भाग सलाईनने धुवून तो द्रव तपासला, तेव्हा क्षय असलेल्या बाजूला विषाणू जास्त सापडला, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. सीडी-४ घटले की गाठ सैल होते, गाठ सैल झाली की जंतू पसरतात.

हे चक्र तोडायला दोन्ही औषधे लागतात, आणि तुमची खरी मदत इथे आहे. क्षयाच्या उपचारातले रिफाम्पिसिन डोल्यूटेग्रॅव्हिरचे रक्तातले प्रमाण कमी करते, म्हणून तेवढ्या काळात ५० मिलिग्रॅमची जादा गोळी बारा तासांनी घ्यावी लागते. ही संध्याकाळची गोळीच बहुधा राहते. दुसरे असे की एआरटी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत ताप चढणे किंवा मानेच्या गाठी एकदम सुजणे असे घडू शकते. बळ परत आलेल्या पेशी जंतूंवर तुटून पडतात आणि सायटोकाइनांचा पूर येतो, त्याचा हा परिणाम असतो. औषध लागू पडले नाही असे समजून त्या ताई गोळ्या बंद करतील, तसे होऊ देऊ नका. त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा.

प्रश्न : लस घेतल्याने प्रतिकारशक्ती चेतते, मग एचआयव्ही असलेल्यांनी धनुर्वाताची किंवा फ्लूची लस टाळावी का? (एक वाचक, शाहूपुरी)

उत्तर : टाळू नये. धनुर्वाताच्या लशीनंतर रक्तातला विषाणू थोडा काळ वाढतो, हे १९९६ मध्ये दिसले होते. पण ते प्रभावी एआरटी सर्रास मिळण्याआधीचे निरीक्षण आहे आणि ती वाढही तात्पुरतीच होती. गोळ्या नियमित असतील तर तिची काळजी नको. सीडी-४ २०० च्या खाली असतील तर जिवंत जंतूंच्या लशी मात्र देत नाहीत.

प्रश्न : झोपलेला विषाणू टीएनएफने जागा होत असेल, तर त्याला मुद्दाम उठवून गोळ्यांनी संपवून का टाकत नाहीत? (निवृत्त शिक्षक, कागल)

उत्तर : गुरुजी, हा विचार संशोधकांनीही केला आणि त्यात हात पोळूनही घेतले. झोपलेल्या पेशींचा हा साठा १९९७ मध्ये सिद्ध झाला. १९९९ मध्ये ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी तीन रुग्णांना सगळ्या टी पेशी एकदम चेतवणारी प्रतिद्रव्ये आणि इंटरल्यूकिन-२ दिले. रुग्णांना तीव्र त्रास झाला, सीडी-४ पेशी घटल्या आणि साठा तसाच राहिला. टीएनएफ स्वतःच देण्याचा प्रश्नच येत नाही, कारण उठवण्याइतकी मात्रा दिली तर रक्तदाब कोसळतो. मग पेशीला न चेतवता फक्त जनुकांची गुंडाळी सैल करणारी औषधे पुढे आली. २०१२ मध्ये व्होरिनोस्टॅट या कर्करोगाच्या औषधाने झोपलेल्या पेशींत विषाणूचा आरएनए दिसू लागला, म्हणजे विषाणूने कूस बदलली. पण साठा घटला नाही, कारण उठलेल्या पेशीला मारायला सीडी-८ पेशी सक्षम लागतात आणि वर्षानुवर्षांच्या संसर्गात त्या दमलेल्या असतात.

दुसरी अडचण अशी की साठ्याला जिवंत ठेवण्यातही एक निरोपच कारणीभूत आहे. इंटरल्यूकिन-७ हे शरीरातल्या स्मृतीपेशींची संख्या राखणारे सायटोकाइन आहे. पेशी दोन झाल्या की तिच्या गुणसूत्रातली विषाणूची पट्टीही दोन होते, आणि हे विषाणूला जागे न करता घडते, त्यामुळे गोळ्यांना तिथे अडवण्यासारखे काहीच सापडत नाही. गोळ्या थांबवल्या तर बहुतेकांच्या रक्तात विषाणू दोन ते चार आठवड्यांत परत दिसतो तो याच साठ्यातून. म्हणून आता काही गट उलट्या दिशेने निघाले आहेत. टॅट प्रथिनालाच निकामी करून त्या पट्टीला इतकी गाढ झोपवायची की घंटा कितीही वाजली तरी ती वाचलीच जाऊ नये, असा त्यांचा प्रयत्न आहे. प्रयोगशाळेतल्या पेशींत आणि उंदरांत त्याला काही प्रमाणात यश आले आहे. औषध थांबवल्यावर विषाणू परततो, पण उशिरा.